गरिबाचे तिकीट : इंडोनेशियाच्या बेटांतील आगबोटप्रवास



या व्यासपीठावर काल एक प्राध्यापक बोलून गेले, उद्या एक नामवंत डॉक्टर बोलणार आहेत, आणि मधली ही संध्याकाळ चालकांनी आमच्या वाट्याला दिली आहे. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंत. पुढचे जे काही झाले ते गोदीच्या फाटकावर, युनियनच्या कचेरीतल्या दोन कपाटांतल्या पुस्तकांवर, आणि मालकांच्या वकिलांशी हुज्जत घालता घालता. तेव्हा बोलण्यात कुठे चूक झाली तर जाणकारांनी सभेनंतर चहाच्या वेळी आमचा कान धरावा. आम्ही धरू देऊ.

चालकांना वाटले होते की आम्ही संप आणि वाटाघाटी यांवर बोलू. आम्ही कळवले, बेटाबेटांतून स्वस्तात बोटीने कसे जावे यावर बोलू. तेव्हा एका चालकांनी फोनवर मोठ्या काळजीने विचारले, "अहो, चळवळ सोडलीत की काय?" चळवळ सोडलेली नाही. पण चार पैशांच्या तिकिटात जेवढे अर्थशास्त्र असते तेवढे आम्हाला पुष्कळ जाड पुस्तकांत सापडलेले नाही, आणि त्यातही समुद्रावरचे तिकीट तर फारच बोलके असते.

आमच्या लहानपणी कोकणात जायला मुंबईहून आगबोट होती. आईचे बोट धरून आम्ही भाऊच्या धक्क्यावर जायचो. आई डेकवर सतरंजी पसरून जागा धरायची, एका टोकावर ट्रंक आणि दुसऱ्यावर आम्ही. रात्रभर वारा, कोळशाचा नव्हे पण तेलाचा वास, कुणाच्या तरी पिशवीतले सुके बोंबील, आणि पहाटे विजयदुर्ग. आम्हाला मिसरूड फुटेपर्यंत ती सेवा बंद पडली. वरच्या वर्गात कोण बसते हे आम्ही कधी पाहिले नाही. एवढे मात्र आठवते की आजी बोटीत पाय ठेवताना 'रामदास'चे नाव कुणाला काढू द्यायची नाही. १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली ती बोट काश्याच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. ज्या घरांतली माणसे गेली त्यांतली काही घरे आमच्या आजीच्या ओळखीची होती.

ही शिदोरी घेऊन आम्ही २०२३ सालच्या एप्रिल महिन्यात जकार्ताला पोहोचलो. निमित्त होते कामगार कार्यकर्त्यांच्या एका बैठकीचे. बैठक चार दिवसांत आटोपली. आमच्याबरोबर आमचे एक स्नेही होते, मुंबईच्या गोदीत क्रेन चालवून निवृत्त झालेले, आमच्याहून सात वर्षांनी मोठे. हाताशी सतरा दिवस होते आणि खिशात फारसे काही नव्हते. स्नेही म्हणाले, "एवढे आलोच आहोत तर बोटीने जाऊ. विमानात काय दिसते? पंख दिसतो."

इंडोनेशिया म्हणजे सतरा हजारांवर बेटे. त्या लोकांच्या भाषेत मातृभूमीला शब्द आहे 'तानाह आयर'. तानाह म्हणजे माती आणि आयर म्हणजे पाणी. आमची मायभूमी नुसती माती. त्यांची माती अधिक पाणी. या पाण्यावरून माणसांना नेण्याआणण्याचे मोठे काम करते ती 'पेल्नी' नावाची सरकारी कंपनी. दोन-तीन हजार माणसे मावतील अशा तिच्या मोठ्या बोटी, आणि साधारण पंधरा दिवसांची एक फेरी. म्हणजे एखाद्या लहान बंदरात बोट चुकली तर पुढची कधी, याचे उत्तर 'पुढच्या पंधरवड्यात' असेही मिळू शकते. स्वस्त प्रवासात पैसा वाचतो तो वेळ मोजून वाचतो, हे पहिल्याच दिवशी कळले.

दुसरी गोष्ट कळली ती अशी की ईद बारा दिवसांवर आली होती. ईदेला तिथे सारे शहर गावाकडे निघते. त्याला ते 'मुदिक' म्हणतात. गणपतीला चाकरमानी कोकणात निघतात तेव्हा दादरला आणि ठाण्याला जे दृश्य असते ते डोळ्यांपुढे आणा, आणि त्याला देशाएवढे करा. साऱ्या तिकिटांचा केव्हाच फडशा पडला होता. सरकार त्या दिवसांत काही बोटी फुकटही सोडते, पण त्या त्यांच्या लोकांसाठी, आणि ते योग्यच.

आता आमच्या फजितीची हकिकत. तांजुंग प्रियोक या जकार्ताच्या बंदराबाहेर एक गोड बोलणारा गृहस्थ भेटला. तिकिटांचा काळाबाजार करणाऱ्याला तिथे 'चालो' म्हणतात. त्याने दुप्पट दराने आम्हाला दोन तिकिटे दिली. तिकिटांवर नावे दुसऱ्याच दोघांची होती. आम्ही बोट ठेवून दाखवले, तर तो हसून म्हणाला, कोण बघतो! फाटकावर डोक्याला रुमाल बांधलेली एक तरुण बाई बसली होती. तिने बघितले. पासपोर्ट एका हातात, तिकीट दुसऱ्या हातात, आणि मान नकारार्थी. आम्ही आमची सारी वाटाघाटीची विद्या पणाला लावली. रांगेत मागे एक विद्यार्थी उभा होता, त्याला इंग्रजी येत होते. तो तिचे बोलणे सांगू लागला. ती म्हणाली, "बोटीला काही झाले तर हा तिकिटावरचा माणूस मेला असे आम्ही लिहू. तुम्ही मेलात हे कोण लिहील?"

आम्ही गप्प झालो. तीस-पस्तीस वर्षे आम्ही कामगारांना सांगत आलो आहोत की हजेरीपटावर नाव चढल्याशिवाय यंत्राला हात लावू नका, अपघात झाला तर तुम्ही तिथे नव्हताच असे मालक म्हणेल. आणि आम्ही स्वतः दुसऱ्याच्या नावावर समुद्रात निघालो होतो! त्या देशात १९६४ सालच्या एका कायद्याने सार्वजनिक वाहनातल्या प्रत्येक उतारूचा अपघाताचा विमा सक्तीचा आहे. त्याचा हप्ता तिकिटातच असतो. तिकिटावरचे नाव, बोटीच्या यादीतले नाव आणि विम्याचे नाव एकच लागते. चालोकडचे तिकीट महाग होते आणि त्यात विमाही नव्हता.

स्नेही म्हणाले, "दलाल ओळखण्यात तुमची हयात गेली, आणि इथे बरे फसलात!" त्यांनीही पैसे काढून दिले होते, हे आम्ही त्यांना त्या वेळी आठवून दिले नाही. पैसे बुडालेच. पण त्याच बाईने आम्हाला शेजारच्या खिडकीकडे पाठवले आणि तिथे आमच्या नावावर दोन 'जागेविना' तिकिटे मिळाली. ईदच्या गर्दीत ठरलेल्या संख्येहून थोडे अधिक उतारू घेण्याची परवानगी बोटींना दिली जाते. अट अशी की त्या प्रत्येक जादा माणसासाठी जीवरक्षक जाकीट बोटीवर असले पाहिजे. अशा तिकिटावर गादी नाही. जिन्याखाली, बोळात, डेकवर, जिथे पाठ टेकेल तिथे. पंचेचाळीस वर्षांनी आम्ही पुन्हा सतरंजीवर आलो, एवढेच.

बोट लागली तेव्हाचे दृश्य सांगितलेच पाहिजे. शिडी टेकते न टेकते तोच नंबर लावलेले सदरे घातलेले हमाल खालून वर धावत सुटतात. उतरणारे उतरायच्या आत ते वर पोहोचतात, कारण आपल्या गिऱ्हाइकाला चांगली जागा धरून देण्यावर त्यांची मजुरी. खोकी, तांदळाची पोती, पंखा, एक शिवणयंत्र, सगळे खांद्यावर. आमच्या स्नेह्यांचे लक्ष लगेच दोरखंडांकडे आणि क्रेनच्या आकड्यांकडे गेले, आमचे हमालांच्या खांद्यांकडे. एकाला खुणांनी विचारले, मजुरी कशी? त्याने बोटांनी खोकी मोजून दाखवली. म्हणजे नगावर. आम्हाला आमचे माथाडी आठवले, आणि १९६९ सालचा माथाडी कायदा होण्यापूर्वीचे त्यांचे दिवस, जे आम्ही जुन्या कार्यकर्त्यांच्या तोंडून ऐकले आहेत.

स्वस्त वर्गाला तिथे 'एकोनोमी' म्हणतात. लांबच लांब दालने, गुडघाभर उंचीचे ओटे, त्यांवर चिकटून चिकटून गाद्या आणि प्रत्येक गादीला नंबर. स्त्री, पुरुष, म्हातारे, तान्ही मुले सारे एका ओळीत. झुरळे आहेत, ती लपवण्यात अर्थ नाही. जेवण तिकिटातच. भात, माशाचा एक तुकडा, थोडी भाजी. रोज्याचे दिवस होते, म्हणून पहाटे अंधारात आणि मग सूर्य बुडाल्यावर. बोटीवर मशीद आहे, आणि बांग कर्ण्यावरून साऱ्या मजल्यांवर ऐकू येते. पहिल्या संध्याकाळी रोजा सुटायच्या वेळी शेजारच्या कुटुंबाने आमच्या हातावर खजूर ठेवले. आम्ही उपाशी नव्हतो, दुपारी कोपऱ्यात तोंड लपवून बिस्किटे खाल्ली होती. ते त्यांनी पाहिले होते आणि तरीही दिले.

त्या कुटुंबातला कर्ता पुरुष जकार्ताला इमारतीच्या कामावर गवंडी होता. घर बुटन बेटावर, बाऊबाऊ बंदराजवळ. विमानाने का जात नाही, असे आम्ही त्या विद्यार्थ्याकरवी विचारले. तो म्हणाला, विमानात मी एकटा जाईन; बोटीत आम्ही पाच जण जातो आणि वर्षभराची खोकीही येतात. या उत्तरापुढे आम्हाला पुढचा प्रश्न सुचला नाही.

भाषेची थोडी मौज सांगतो. बोटीच्या कप्तानाला ते 'नाखोदा' म्हणतात. आमच्या कोळीवाड्यातला नाखवा तो हाच. अरबी समुद्रावरून हिंडता हिंडता हा शब्द दोन्ही किनाऱ्यांना लागलेला. समुद्राला ते 'समुदेरा' म्हणतात. आणि दोन शब्द आम्ही वहीत ठळक लिहून घेतले. किमतीला ते म्हणतात 'हार्गा', जो संस्कृत 'अर्घ' या शब्दावरून गेला, आणि खर्चाला म्हणतात 'बिआया', जो 'व्यय' शब्दावरून गेला. हार्गा तिकिटावर छापलेली असते. बिआया छापलेली नसते. आमचे आजचे सारे बोलणे या दोहोंमधल्या अंतरासंबंधी आहे.

हे अंतर कोण भरते? ते समजायला थोडा इतिहास पाहावा लागेल. डच राज्यात या बेटांमधली वाहतूक 'के.पी.एम.' या डच कंपनीच्या हाती होती. तिची स्थापना १८८८ सालची. मसाले, रबर, खोबरे, सरकारी टपाल, साहेब आणि सैनिक यांच्यासाठी तिचे मार्ग आखले गेले. देशी माणूस डेकवर. पुढे १९४५ साली इंडोनेशियाने स्वातंत्र्य जाहीर केले, तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या बंदरांत डच बोटी शस्त्रे आणि सैन्य घेऊन निघण्याच्या तयारीत होत्या. इंडोनेशियन खलाशी बोटींवरून खाली उतरले. ऑस्ट्रेलियाच्या गोदी कामगारांनी माल भरायला नकार दिला. मग बदली म्हणून हिंदी खलाशी बोलावले, तर पुष्कळ हिंदी खलाश्यांनीही काम टाकले. सिडनीच्या बंदरातून एक बोट हिंदी खलाश्यांना घेऊन निघाली, तेव्हा लाँचमधून तिचा पाठलाग करून, कर्ण्यावरून त्यांना त्यांच्या भाषेत हाका मारून, कामगार कार्यकर्त्यांनी त्यांना थांबवले. योरिस इव्हेन्स या दिग्दर्शकाने १९४६ साली काढलेल्या 'इंडोनेशिया कॉलिंग' या चित्रपटात हा प्रसंग आहे. गोदीतल्या माणसाने एकदा तरी पाहावा असा हा पट आहे.

इतपत सांगताना आमची छाती फुगते. पुढचे सांगताना जरा जपून बोलावे लागते. स्वातंत्र्यानंतरही बेटांची वाहतूक मुख्यतः त्या डच कंपनीच्याच हाती राहिली. सरकारने २८ एप्रिल १९५२ रोजी स्वतःची पेल्नी काढली, पण ती लहान. मग पश्चिम इरियनच्या प्रश्नावरून लोक खवळले आणि ३ डिसेंबर १९५७ रोजी जकार्तात कामगारांनी के.पी.एम.च्या कचेरीचा ताबा घेतला. लाल बावटे, घोषणा, सगळे झाले. थोड्याच दिवसांत लष्कराने तो ताबा आपल्याकडे घेतला. आणि बोटी? ज्या समुद्रात होत्या त्यांना कंपनीने परदेशी बंदरांकडे वळवले. ज्या अडकल्या त्या पुढच्या वर्षी विमेवाल्यांच्या आणि इतरांच्या दडपणाखाली सोडून द्याव्या लागल्या. कचेरी हाती आली, टेबले आली, खुर्च्या आल्या, बोटी गेल्या. बेटांवर तांदूळ पोहोचेना, भाव चढले. कचेरीचा ताबा घेणे किती सोपे असते हे आम्हाला अनुभवाने माहीत आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी वेळेवर बोट सोडणे, यासाठी लागतात इंजिनियर, सुटे भाग, कर्ज, विमा आणि माना मोडून काम करणारे कारकून. आमच्या चळवळीत कारकुनाला आम्ही कधी पुरेसा मान दिला नाही, हे इथे कबूल करतो.

त्यानंतरची कित्येक वर्षे जुन्या बोटींवर काम भागवण्यात गेली. स्वस्त तिकीट हवे आणि सरकारी तिजोरीत पैसा कमी, मग दुसऱ्या देशात वापरून झालेली बोट घ्यायची. 'तांपोमास दोन' ही अशीच जपानकडून घेतलेली बोट. जानेवारी १९८१ मध्ये जकार्ताहून मकासरला, म्हणजे तेव्हाच्या उजुंग पांडांगला, जात असताना २५ तारखेच्या रात्री मोटारगाड्या ठेवण्याच्या मजल्यावर आग लागली. वादळी समुद्रात दीड दिवस जळत राहून २७ जानेवारीला ती बुडाली. शेकडो माणसे गेली. कप्तान अब्दुल रिवाई बोटीवरच राहिले.

शेजारच्या फिलिपिन्समध्ये तर याहून भयंकर घडले. 'डोना पाझ' ही बोटही मूळची जपानी, १९६३ साली बांधलेली. उतारू १,५१८ घेण्याचा परवाना. २० डिसेंबर १९८७ च्या रात्री, नाताळासाठी गावी निघालेल्या लोकांनी भरलेली ही बोट 'व्हेक्टर' या तेलवाहू जहाजावर आदळली आणि दोन्ही पेटली. चार हजारांहून अधिक माणसे मेली असे मानतात. डोना पाझवरचे वाचले ते २४. युद्ध नसताना समुद्रावर याहून मोठी मनुष्यहानी झालेली नाही. आणि 'मानतात' असे म्हणावे लागते, कारण पुष्कळांची नावे यादीत नव्हतीच. तिकीट बोटीवरच काढले, कुणाला तरी पैसे देऊन शिरले, मुले मांडीवर बसवली. ती फाटकावरची बाई जे म्हणाली तेच. ही फार जुनी गोष्ट आहे असेही समजू नका. जुलै २०२५ मध्ये उत्तर सुलावेसीजवळ 'बार्सेलोना' नावाच्या बोटीला आग लागली. यादीत माणसे तीनशेहून कमी, आणि समुद्रातून बाहेर काढली पाचशेहून अधिक.

म्हणून आमचे म्हणणे असे. तिकीट स्वस्त होण्याचे दोन मार्ग आहेत. एका मार्गात खर्चाचा उरलेला भाग सगळा देश आपल्या तिजोरीतून भरतो. दुसऱ्या मार्गात तो भाग उतारू स्वतःच भरतो, जीर्ण बोटीने, जादा गर्दीने, खलाश्याच्या बुडालेल्या झोपेने, आणि एखाद्या रात्री जिवाने. तिकिटावरचा आकडा दोन्हीकडे सारखाच दिसतो. लांबून पाहणाऱ्याला फरक कळत नाही.

इंडोनेशियाने तांपोमासच्या दुर्घटनेनंतर वेगळी वाट धरली. जर्मनीत पापेनबुर्ग म्हणून गाव आहे, समुद्रापासून आत, एम्स नदीच्या काठी. तिथल्या मायर कारखान्यात खास या बेटांसाठी नव्या बोटी बांधून घेतल्या. पहिली 'केरिंची', १९८३ साली. २००८ पर्यंत वीसहून अधिक आल्या. प्रत्येकीला एकेका डोंगराचे नाव: रिंजानी, केलिमुतु, चिरेमाई. म्हणजे आमच्याकडे 'कळसूबाई' आणि 'साल्हेर' नावाच्या बोटी असाव्यात तसे. एकोनोमी वर्गाचे भाडे सरकार ठरवते, आणि भाड्यात न भागणारा खर्च दरवर्षी करार करून पेल्नीला देते. त्याहून लांबच्या, कुणालाही नफा नसलेल्या बेटांसाठी 'पेरिंतिस', म्हणजे वाट पाडणाऱ्या, अशा लहान बोटी आहेत. त्यांचे भाडे तर नाममात्र.

सगळे छान चालले आहे असा समज करून देण्याची आमची इच्छा नाही. २००० सालानंतर स्वस्त विमाने आली आणि मधला वर्ग बोटीवरून उठून गेला. मधला वर्ग उठला की तक्रार लिहिणारे हात कमी होतात. पापेनबुर्गच्या त्या पहिल्या बोटींचे वय आता चाळिशीच्या पुढे गेले आहे. आमच्या बोळातला दिवा तीन रात्री लुकलुकत होता आणि संडासाविषयी सभ्य सभेत बोलू नये. पण प्रत्येक ओट्याच्या वर जाकिटे होती, आणि स्नेह्यांनी आपल्या सवयीप्रमाणे ती एकेक मोजली.

इथे तरुण मित्रांसाठी थोडे व्यवहाराचे बोलतो, कारण काहींनी आधीच चिठ्ठ्या पाठवल्या आहेत. बेटांतून स्वस्तात हिंडायचे तर जिथे तिथले लोक जातात तिथून जा. बालीहून लोम्बोकला पडांगबाई बंदरातून मोठी गाडीवाहू बोट दिवसरात्र जाते. चार-पाच तास लागतात, आणि आपल्या तीन-चारशे रुपयांत माणूस पलीकडे पोहोचतो. प्रवाशांसाठी सजवलेल्या वेगवान लाँचा त्याच समुद्रावरून जातात आणि कित्येक पट पैसे घेतात. लोम्बोकहून सुंबावा, सुंबावाच्या सापे बंदरातून लाबुआन बाजो, अशी बेटे एकामागून एक साखळीसारखी ओलांडता येतात. लहान गिली बेटांना जायला बांगसाल बंदरात लोकांची होडी आहे, ती भरली की सुटते. भरेपर्यंत बसायचे, कोंबडीचे खुराडे मांडीवर घ्यायचे. वेळापत्रकावर दोन दिवस मागेपुढे धरायचे. तिकीट कचेरीच्या खिडकीतूनच, आणि नावातले एकेक अक्षर तपासून. आणि बोट डोळ्यांना जादा भरलेली दिसली तर मागे फिरायचे. त्या दिवशीचे जेवण आणि खोलीभाडे जिवाहून स्वस्त असते.

सगळीकडे मात्र अशी बोट मिळत नाही. कॅरिबियन समुद्रातील इंग्रजी राज्यातल्या बेटांनी १९५८ साली संघराज्य केले, तेव्हा कॅनडाने त्यांना 'फेडरल पाम' आणि 'फेडरल मेपल' अशा दोन बोटी भेट दिल्या. त्या १९६१ साली सुरू झाल्या. पुढच्याच वर्षी संघराज्य मोडले. बोटी त्यानंतर दहाएक वर्षे कशाबशा चालल्या आणि मग गेल्या. जितकी बेटे तितकी सरकारे, तितक्या तिजोऱ्या. मधल्या पाण्याचे बिल कुणी भरायचे? आज तिथे शेजारच्या बेटावर जायला बहुतेक ठिकाणी विमान धरावे लागते. इंडोनेशियाच्या पंतप्रधान जुआंदांनी १३ डिसेंबर १९५७ रोजी जाहीर केले होते की बेटांमधला समुद्र हा आमच्या देशाचाच भाग आहे. हा जाहीरनामा निघाला तो के.पी.एम.च्या त्या गोंधळातच. समुद्र आपला म्हटला की त्यावरून जाणाऱ्या माणसाचे ओझेही आपले झाले, असा त्याचा अर्थ आम्ही आमच्या बुद्धीने लावतो.

मकासरला बोट रिकामी होऊन पुन्हा भरली. बाऊबाऊला गवंड्याचे कुटुंब उतरले. खोकी खाली पोहोचली का हे बघायला मोठा मुलगा दोनदा वर आला, आणि दुसऱ्या वेळी आमच्या पाया पडून गेला. अंबोनला आम्ही पोहोचलो ते अंग आंबून, पण पोट भरलेले. तिथून रात्रीच्या बोटीने बांदा बेटांवर गेलो. जायफळाची बेटे ती. आमच्या स्नेह्यांना नावाचेच फार कौतुक. "सावंतवाडीचे बांदा इथे कधी आले?" असे ते दर तासाला विचारीत. १६२१ साली डचांनी इथल्या माणसांची कत्तल केली, उरलेल्यांना गुलाम करून नेले आणि जायफळाचा मक्ता घेतला. हट्टा आणि शाहरीर या दोघा पुढाऱ्यांना १९३६ पासून काही वर्षे इथेच स्थानबद्ध ठेवले होते. बोट नसली की अख्खे बेटच तुरुंग कसे होते ते इथे उभे राहिल्यावर कळते.

समुद्र शांत असतो त्या महिन्यांत अंबोनहून वेगवान लाँचही येते. समुद्र खवळला की ती बंद, आणि मग पेल्नीचीच वाट पाहायची. आम्ही राहिलो ते घर एका जायफळ वेचणाऱ्या गृहस्थाचे. त्याच्या वडिलांना एका वर्षी पावसाळी समुद्रात असताना दुखणे आले, आणि अंबोनच्या इस्पितळात न्यायला बोट येईपर्यंत अकरा दिवस ते अंगणातल्या बाजेवर होते. ते वाचले. तो हे सांगताना नुसता समुद्राकडे हात करीत होता, राग कुणावर करावा हे त्याला सुचत नसावे.

आमची परतीची बोट रात्री दहाला यायची ती पहाटे तीनला आली. तोवर साऱ्या गावाने धक्क्यावर मुक्काम ठोकला होता. भाजलेले मासे, कॉफीच्या किटल्या, झोपलेली पोरे. आमच्या यजमानाची मुलगी याच बोटीने अंबोनला कॉलेजात जाणार होती. भोंगा ऐकू आला तसे त्याने तिच्या हातातले तिकीट मागून घेतले, धक्क्यावरच्या एकुलत्या दिव्याखाली गेला, आणि नावावर बोट ठेवून एकेक अक्षर मोठ्याने वाचले. मग तिचे ओळखपत्र काढून पुन्हा वाचले. मग तिकीट तिला परत दिले आणि ट्रंक खांद्यावर घेतली.